काट्याभोवती जमलेल्या पेशी पुढे काय करतात? समुद्रातले अपृष्ठवंशी आणि परक्या पेशींचे खून

ओहोटी

लसींच्या धाग्यावर मी ओघात लिहून गेले की सी अर्चिनच्या (समुद्रातला काटेरी चेंडूसारखा प्राणी) अंगात प्रतिपिंडं नसतात. त्यावर दोघातिघांनी "मग तो जगतो कसा?" असं विचारलं. तिथे उत्तर देत बसले असते तर त्या धाग्याचं वाटोळं झालं असतं, म्हणून इथे वेगळी चूल.

प्रश्न रास्त आहे. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण १० लाख जिवाणू असतात आणि विषाणू त्याच्या दहापट. स्पंज, शिंपले, कालवं तर तेच पाणी दिवसभर अंगातून गाळत बसलेली असतात. प्रतिपिंडं नाहीत, आपल्यासारख्या जंतू लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी नाहीत, बी-पेशी नाहीत. तरीही शंभरी पार करणारे सी अर्चिन आहेत. म्हणजे आत कुणीतरी चोख पहारा देतंय.

रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकोव्हची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १८८२ साल, सिसिलीतलं मेसिना. घरची मंडळी सर्कशीला गेलेली, हा एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. तिच्यात त्याने गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा. इथून भक्षक (परकं ते गिळणाऱ्या) पेशींची कल्पना निघाली आणि १९०८ चं नोबेल पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळालं.

माझी तक्रार एवढीच की पुस्तकं इथेच थांबतात. काटा मुळात जिवंत नसतो, त्याला मारायचं काय? जिवंत पेशीला घेरल्यावर पुढे काय होतं, तो खरा विषय.

सगळ्यात जुना मार्ग म्हणजे गिळणं. पण गिळलं म्हणजे मेलं असं नाही. जिवाणू आत एका पुटिकेत (इवल्या पिशवीत) बंद होतो, मग पेशीतल्या रसायनांनी भरलेल्या कणिका त्या पुटिकेला येऊन चिकटतात आणि आपला माल आत ओततात. त्यात लायसोझाइम असतं, ते जिवाणूची भिंत कातरतं. त्याच वेळी पुटिकेच्या आवरणावरचं एक एन्झाइम ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवतं, त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. आणि असतात छोटी छोटी प्रथिनं, पेप्टाइडं. मायटिलस शिंपल्यात डिफेन्सिन, मायटिलिन, मायटिसिन अशी यांची घराणीच आहेत. या पेप्टाइडांवर धन भार असतो. जिवाणूच्या पटलाची (पेशीच्या पातळ आवरणाची) बाहेरची बाजू ऋण भाराची, त्यामुळे ती तिकडे ओढली जातात, पटलात घुसतात आणि भोकं पाडतात. प्राण्याच्या पेशीचं पटल बाहेरून बरंचसं भाररहित असतं, वर कोलेस्टेरॉलने घट्ट झालेलं, म्हणून स्वतःच्या पेशी बऱ्याच अंशी वाचतात.

दुसरा मार्ग स्फोटाचा. हॉर्सशू क्रॅबच्या (नाव क्रॅब असलं तरी हा कोळ्याविंचवांचा भाऊबंद) निळ्या रक्तात जवळजवळ एकाच प्रकारची पेशी असते, कणिकांनी ठासून भरलेली. ग्रॅम-ऋण (जिवाणूंचा एक मोठा गट) जिवाणूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन नुसतं लागलं की ती सगळ्या कणिका बाहेर फेकते. मोठ्या कणिकांत रक्त गोठवणारी प्रथिनं असतात, तिथल्या तिथे जेल तयार होतो आणि जिवाणू त्यात रुततो. लहान कणिकांत टॅकिप्लेसिन, अवघ्या १७ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, ते त्या रुतलेल्याला संपवतं. हे गोठणं फ्रेडरिक बँग यांनी अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी संशोधन केंद्रात पाहिलं आणि १९५६ मध्ये छापलं. इंजेक्शनात एंडोटॉक्सिन उरलं आहे का हे तपासणारी चाचणी त्यातूनच पुढे निघाली. म्हणजे लसींचा धागा फिरून इथेच आला!

सी अर्चिनबद्दल मात्र पाहिलेलं सांगते. पहिल्यांदा त्याच्या देहगुहेतला द्रव काढला तेव्हा गुठळी होऊ नये म्हणून लागणारं, कॅल्शियम बांधून ठेवणारं द्रावण सिरिंजमध्ये घ्यायला विसरले. तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून सुई घातली, द्रव छान आला, आणि काचेवर थेंब ठेवेपर्यंत सगळ्या पेशींची गुठळी. सकाळची मेहनत पाण्यात. पण ती गुठळी फेकून देण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, ते बरं झालं. पसरट पाकळ्यांसारख्या भक्षक पेशींनी पाकळ्या मिटून लांब दोरे सोडले होते, एकमेकींत गुंतल्या होत्या, आणि मधूनच लालभडक दाणेदार पेशी सरकत होत्या. त्यांतली एक माझ्या डोळ्यांदेखत फुटली आणि भोवती लालसर डाग पसरला. तो रंग म्हणजे इकायनोक्रोम. तो लोह बांधून ठेवतो आणि लोहावाचून जिवाणूची वाढ खुंटते. वरून लोह घातलं तर जिवाणू पुन्हा वाढू लागतात, हे प्रयोगात दिसलंय.

माझं मत विचाराल तर मारणं यातलं सोपं काम आहे. आम्ल, विष, भोक, कुठल्याही पेशीला जमतं. आपल्याच घराला आग न लावता मारणं अवघड. चर्चा त्यावर झाली तर आवडेल.

दीपमाळ

मस्त धागा. वाचतेय. काटा मुळात जिवंत नसतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

नवशिका

ओहोटीताई, बाळबोध शंका. प्रतिपिंड नाही तर परका ओळखायचा कसा? लाखो प्रकारचे जंतू, प्रत्येकासाठी वेगळं कुलूप कुठून आणणार?

ओहोटी

शंका बाळबोध अजिबात नाही. प्रत्येकासाठी वेगळं कुलूप लागतच नाही. जिवाणू कुठलाही असो, काही गोष्टी त्याला टाळता येत नाहीत. भिंत हवी, तर पेप्टिडोग्लायकन आलं. ग्रॅम-ऋण असेल तर एंडोटॉक्सिन आलं. बुरशी असेल तर बीटा-ग्लुकान. प्राण्यांच्या पेशीत यातलं काहीच नसतं. चेहरा लक्षात ठेवायचा नाही, गणवेश ओळखायचा.

आणि कुलपंही थोडीथोडकी नाहीत. जांभळ्या सी अर्चिनचा जीनोम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात टोल-सदृश ग्राहकांची (असे गणवेश ओळखणाऱ्या प्रथिनांची) २२२ जनुकं निघाली. माणसात १०! शिवाय त्याच्याकडे आपल्यासारखं सी३ हे कॉम्प्लिमेंट प्रथिन आहे. ते परक्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतं, आणि ज्याच्यावर ही चिठ्ठी लागली त्याला भक्षक पेशी आधी उचलतात.

तिरकस_तात्या

गणवेश ओळखायचा म्हणता, मग साध्या वेशातला आला तर? म्हणजे जिवाणू नव्हे, दुसऱ्या एखाद्या प्राण्याचीच पेशी. तिला ना भिंत, ना एंडोटॉक्सिन. शिवाय आकार एवढा की गिळता येत नाही. शीर्षकात "परक्या पेशींचे खून" लिहिलंय आणि आतापर्यंत नुसते जिवाणूच मेलेत. (हलकं घ्या.)

सूक्ष्मदर्शी

तात्यांनी नेमकी दुखरी नस पकडली. यावर बरंच काम झालंय, थोडं मी लिहितो.

पद्धत साधी आहे. सशाच्या किंवा मेंढीच्या लाल रक्तपेशी घ्यायच्या, समुद्री प्राण्याच्या पेशींबरोबर कोमट नव्हे, त्या प्राण्याला मानवेल अशा तापमानाला ठेवायच्या. लाल पेशी फुटली की हिमोग्लोबिन बाहेर येतं. पेशी तळाला बसवून वरच्या पाण्याचा लाल रंग मोजला की किती मेल्या ते कळतं. दुसरं लक्ष्य म्हणजे के-५६२, माणसाच्या रक्ताच्या कर्करोगातून आलेली, प्रयोगशाळेत वाढवलेली पेशी. आपल्या नैसर्गिक मारक पेशींची (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या रक्तपेशींची) ताकद मोजायला हीच वापरतात.

भूमध्य समुद्रातल्या पॅरासेन्ट्रोटस लिव्हिडस या सी अर्चिनमध्ये असं दिसलं की मारण्याचं काम लाल पेशींचं नाही आणि भक्षक पेशींचंही नाही, बिनरंगाच्या दाणेदार पेशींचं आहे. गंमत पुढे आहे. त्यांच्या जोडीला भक्षक पेशी असल्या की मारण्याचा जोर वाढतो. सायोना या समुद्री पिचकारीच्या (सी स्क्विर्ट) रक्तपेशीही सशाच्या पेशी फोडतात, पण त्यासाठी अंगाला अंग लागावं लागतं आणि कॅल्शियम हजर असावं लागतं. नुसत्या शेजारी तरंगून काही होत नाही.

आता मुद्दा ओहोटी यांच्याशी न पटण्याचा. "मारणं सोपं" हे मला मान्य नाही. जिवाणूला पेप्टाइडने भोक पाडणं वेगळं. प्राण्याची पेशी भोक पडलं तर कॅल्शियमचा इशारा घेऊन पटल शिवून टाकते, तो तुकडा खुडून फेकून देते. तिला मारायचं तर भोकं पटापट आणि भरपूर पाडावी लागतात. त्यासाठी मुद्दाम घडवलेली प्रथिनं लागतात. पर्फोरिन-२ हे असंच प्रथिन, त्याची नातेवाईक मंडळी स्पंजापासून कालवापर्यंत सापडतात. आपल्या मारक पेशींचं पर्फोरिन या जुन्या घराण्यातून आलेलं.

ओहोटी

सूक्ष्मदर्शी, पटल शिवण्याचा मुद्दा मान्य, "कुठल्याही पेशीला जमतं" हे मी जरा सैल लिहिलं. एक पुस्ती मात्र जोडते. पर्फोरिन-२ मुख्यतः गिळलेल्या जिवाणूवर, पुटिकेच्या आत काम करतं. बाहेरच्या शेजाऱ्याला भोक पाडणारं पर्फोरिन हा नंतरचा अवतार. आधी स्वयंपाकघरातली सुरी, मग ती रस्त्यावर आली.

नवशिका

म्हणजे सी अर्चिनमध्येही आपल्यासारख्या मारक पेशी असतात असं म्हणायचं का?

सूक्ष्मदर्शी

काम सारखं आहे एवढं म्हणा. पंख वटवाघळालाही असतात आणि फुलपाखरालाही.

मीठपाणी

कोळंबी आणि खेकडे राहिलेच की! मी कोळंबी संवर्धनात आहे, म्हणून हे रोजच्या नजरेतलं.

कोळंबीच्या रक्तपेशींत प्रोफिनॉलऑक्सिडेज नावाचं एन्झाइम झोपलेल्या अवस्थेत असतं. बुरशीचं बीटा-ग्लुकान किंवा जिवाणूची भिंत जाणवली की पेशी कणिका सोडते, प्रोटिएझांची (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांची) एक साखळी पेटते आणि शेवटी हे एन्झाइम जागं होतं. ते फिनॉलांपासून क्विनोन बनवतं आणि क्विनोनांपासून मेलॅनिन. आम्हाला दिसतो तो शेवटचा काळा डाग. लोकांना वाटतं काळा रंग मारतो. खरं विष मधले क्विनोन आणि त्यांच्याबरोबर तयार होणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू. मेलॅनिन म्हणजे वरून घातलेलं झाकण. आत अडकलेला जंतू गुदमरतो आणि ते उग्र रसायन बाहेर पसरत नाही.

जंतू जास्त असतील तर पेशी एकमेकींवर थर रचून गाठ बांधतात आणि ती गाठ काळी पडते. परजीवी मोठा असेल तर त्याच्याभोवती तसंच अनेक थरांचं गाठोडं. कोळंबी मेल्यावर डोक्याकडून काळी पडते ना, त्यामागेही हेच एन्झाइम. मालक गेला तरी चौकीदार गोळ्या झाडतोय.

ओहोटीताईंच्या "घराला आग" वर: प्रोटिएझांची साखळी थांबवणारी प्रथिनं रक्तात आधीपासूनच हजर असतात, म्हणून काळेपणा जखमेपुरता राहतो. ती नसती तर अख्खी कोळंबी आतून काळी झाली असती.

दीपमाळ

मालक गेला तरी चौकीदार 😂

भटक्या

एक भर माझ्याकडून. २००४ मध्ये माणसाच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जिवाणू पकडतात हे कळलं. २०१४ मध्ये तेच कालवाच्या आणि किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्याच्या पेशींत दाखवलं गेलं. जाळ्यातल्या हिस्टोन प्रथिनांनाही धन भार असतो, त्यामुळे ती स्वतःच जिवाणूला घातक. जी प्रथिनं आयुष्यभर डीएनए गुंडाळून ठेवायला, तीच शेवटी विष म्हणून कामी येतात.

तिरकस_तात्या

उत्तर अजून अर्धंच मिळालंय. सशाची पेशी सी अर्चिनच्या आयुष्यात कधी येणार? ती परीक्षा शास्त्रज्ञांनी घातलेली. निसर्गात परक्या प्राण्याची जिवंत पेशी अंगाला भिडते कधी?

ओहोटी

तात्या, याच प्रश्नाची वाट बघत होते. खडकावर जागा कमी आणि वसाहती करून राहणारे प्राणी भरपूर. पसरता पसरता शेजाऱ्याच्या अंगाला अंग लागतंच. तिथे परका म्हणजे आपल्याच जातीचा दुसरा.

बोट्रिलस, वसाहतीने राहणारी समुद्री पिचकारी, हा माझा लाडका प्राणी. फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले इवले जीव, सगळे एकाच जेलीच्या चादरीत, सगळ्यांच्या रक्तवाहिन्या एकमेकांना जोडलेल्या. चादरीच्या कडेला या वाहिन्यांची बोटांसारखी बंद टोकं असतात. दोन वसाहती भेटल्या की ही बोटं बोटांना लागतात. मग दोनच शक्यता. एका विशिष्ट जनुकस्थानाचं निदान एक रूप दोघांत समान असेल तर वाहिन्या जुळतात आणि दोघांचं रक्त एक होतं. एकही समान नसेल तर मोरुला नावाच्या पेशी वाहिनीतून बाहेर चादरीत उतरतात, फुटतात, फिनॉलऑक्सिडेज सोडतात (मीठपाणींची कोळंबी इथेही!) आणि साधारण दिवसभरात त्या जागी तपकिरी-काळे डाग पडतात. स्पर्शाच्या जागेची बोटं झडून जातात. दोघांचीही.

इथे हल्लेखोराच्या पेशीही मरतात, आपलंच टोक जळतं, आणि सीमा आखली जाते. म्हणजे घराला थोडी आग लावावीच लागते, फक्त कुंपणापुरती. माझं वरचं वाक्य या प्राण्याने केव्हाच खोडून ठेवलंय.

नवशिका

पण एवढा जाळपोळीचा खटाटोप का? रक्त एक झालं तर बिघडलं काय?

ओहोटी

रक्तातून मूळपेशी पलीकडे जातात. त्या शेजाऱ्याच्या अंगात जाऊन अंडी आणि शुक्राणू बनवू लागल्या, तर शेजारी जेवणार, वाढणार आणि पिल्लं दुसऱ्याचीच घालणार. नात्यातला असेल तर नुकसान निम्मं, परका असेल तर पूर्ण.

भटक्या

असाच भांडणारा आणखी एक, जेलीफिशच्या जातकुळीतला हायड्रॅक्टिनिया. संन्यासी खेकड्याच्या शंखावर मखमलीसारखा पसरतो. एका शंखावर दोन वसाहती आल्या आणि जनुकं जुळली नाहीत, तर त्यांच्या मुळ्यांसारख्या टोकांत दंशपेशी गर्दी करतात आणि एकमेकींवर विषारी काटे सोडतात. या रोगप्रतिकारक पेशी नव्हेत, शिकारीचं हत्यार भाऊबंदकीत वापरलेलं.

स्पंज तर त्याहून जुने. एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ मध्ये स्पंज रेशमी कापडातून पिळून त्याच्या सुट्या पेशी केल्या, त्या पुन्हा एकत्र आल्या आणि नवा स्पंज झाला. १९७९ मध्ये हिल्डेमान आणि सहकाऱ्यांनी कॅलिस्पाँजिया स्पंजाचे तुकडे परक्या स्पंजाला जोडून पाहिले. स्पर्शाच्या जागी पेशी मेल्या. त्याच जोडीला पुन्हा भिडवलं तर दुसऱ्या वेळी लवकर मेल्या. आठवण ठेवायला टी-पेशी लागते असं मानणाऱ्यांना तो चांगलाच धक्का होता.

सूक्ष्मदर्शी

धाग्यात सगळे जिंकतायत, म्हणून एक हरलेला. अमेरिकन कालवातला पर्किन्सस मरायनस हा परजीवी. कालवाची रक्तपेशी त्याच्या पृष्ठभागावरची साखर गॅलेक्टिन प्रथिनाने ओळखते, पकडते, गिळते. सगळं नियमानुसार. मग तो आत सुपरऑक्साइड निकामी करणारी एन्झाइमं वापरून तगतो, तिथेच विभागतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. फिरती भक्षक पेशीच त्याला अंगभर पोचवते. ओळख पटली, गिळलं, आणि घात तिथेच झाला.

तिरकस_तात्या

आणि तो साध्या वेशातला? बोट्रिलसला आपल्या जातीचा परका ओळखता येतो, मान्य. शिंपल्यांना येतो का?

ओहोटी

फार वाईट येतो, आणि त्याची किंमत ते मोजतायत. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मऊ कवचाच्या शिंपल्यांना रक्ताचा कर्करोग होतो. २०१५ मध्ये मेट्झगर आणि गॉफ यांच्या गटाने त्या पेशींचा डीएनए तपासला. तो ज्या शिंपल्यात सापडला त्याच्याशी जुळेना, पण दूरदूरच्या आजारी शिंपल्यांमधल्या पेशी एकमेकींशी जुळल्या. म्हणजे कधीतरी एकाच शिंपल्यात सुरू झालेला कर्करोग, मूळ मालक केव्हाच गेलेला, आणि पेशी समुद्राच्या पाण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे. गाळून खाणारा प्राणी तिला स्वतःच आत ओढून घेतो. पुढच्या वर्षी हेच मायटिलस शिंपल्यात आणि आणखी दोन जातींत सापडलं. एका जातीत तर कर्करोग चक्क दुसऱ्याच जातीकडून आलेला.

या पेशीला जिवाणूची भिंत नाही, एंडोटॉक्सिन नाही. गणवेश ओळखणाऱ्या पहारेकऱ्याला ती घरचीच वाटणार, असा माझा तर्क. वर तिचा जन्मच रक्तपेशींच्या जातकुळीतला.

नवशिका

मग आजारी शिंपला ओळखतात कसा? बाहेरून दिसतं का काही?

ओहोटी

बाहेरून नाही. रक्ताचा एक थेंब काचेवर ठेवायचा आणि तासभर थांबायचं. निरोगी रक्तपेशी काचेला चिकटते, पसरते, पाय काढून चालू लागते, मेचनिकोव्हच्या काट्याकडे गेली असती तशी. कर्करोगाच्या पेशी न चिकटता गोलच्या गोल राहतात. आजार बळावलेला असेल तर अख्ख्या थेंबात पाय काढलेल्या पेशी दोनचारच दिसतात.